डावा हात

शपथ घेऊन सांगते, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा. आणि हो, रात्रीची वाट बघू नका. हे घडलं मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सायकलच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, लख्ख उजेडात.

तिथे माझ्या दादाचं ऑफिस होतं. व्हिडिओ गेम बनवायचे.

त्यांचा पहिला गेम तुफान चालला. गोळीबाराचा. अशा गेममध्ये आपणच नायक असतो, त्यामुळे नायक दिसत नाही. दिसतात फक्त त्याचे दोन हात आणि बंदूक.

ते हात मास्तरचे होते.

मास्तर म्हणजे दादाचा जिवलग मित्र. सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून मास्तर. स्वतःच्या हातांचं शूटिंग करून त्याने ते गेममध्ये उतरवले होते. त्याची एक सवयही त्यात उतरली. चहाचा कप उचलण्याआधी डाव्या अंगठ्याने कपावर दोनदा टिचकी मारायची... टक् टक्. गेममधला हातसुद्धा गोळ्या भरण्याआधी तसंच करायचा. खेळणारी पोरं फिदा होती त्यावर.

मग दुसरा भाग काढायचं ठरलं आणि तिथून बोऱ्या वाजला.

सहा वर्षं! दोनदा सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात. नायक आधी म्हातारा होता, मग तरुण झाला, मग बाई झाला, मग पुन्हा म्हातारा. पैसे लावणारी कंपनी दर महिन्याला नवं खूळ काढायची. चाळीस माणसांच्या नाकी नऊ आले.

चौथ्या वर्षी, एका बुधवारी दुपारी, मास्तर दादाला म्हणाला, "अरे, सकाळपासून डावा हात दुखतोय. डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

दादाने मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तीन पस्तीस.

"एवढं गोळ्या भरायचं संपव ना रे. मग जा."

मास्तर बसला.

सव्वाचारला त्याचं डोकं कीबोर्डवर होतं...

'एवढं संपव' म्हटल्याचं दादाने फक्त वहिनीला सांगितलं. वहिनीने मला.

आता ऐका. दोन वर्षांनी कंपनीने शेवटची तारीख दिली. शुक्रवारी पाहुणे येणार, पंधरा मिनिटं गेम बघणार. एकदाही अडकला तर दुकान बंद. दादाचा जीव टांगणीला लागला. बाकी सगळं नवं होतं, पण वेळेअभावी हात तेवढे जुनेच ठेवले होते.

मास्तरचे.

मंगळवारी अकराला गेम तपासणारी मुलगी ओरडली, "सर, हात सुटतोय!"

दादा धावला. पडद्यावर डावा हात बंदूक सोडून हळूहळू खाली येत होता...

छातीकडे.

अहो, या गेममध्ये छातीच नसते! हवेत दोन हात, बस. तरी तो हात काहीतरी घट्ट दाबून धरत होता.

आता हातांचं काम बघणाऱ्या मुलाने सगळ्या फाइली उघडल्या. "सर, अशी हालचाल कुणी बनवलेलीच नाहीये."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "तो हात काढून टाक. नवा बसव."

नवा हात बसवला. गुरुवारी वीस वेळा खेळून पाहिलं. एकदाही सुटला नाही. दादा म्हणे संडासात जाऊन रडला.

शुक्रवार. तीन पाहुणे, मोठा पडदा, सगळे जीव मुठीत धरून उभे.

दहा मिनिटं झाली. अकरा.

बारावं मिनिट...

टक् टक्.

नव्या हाताने टिचकी मारली. मग बंदूक सोडली आणि तो छातीकडे गेला. खेळणाऱ्या मुलीने कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला. तरी बोटं आवळत होती...

"सर, पुढचा टप्पा लावा," ती कुजबुजली. एक बटण दाबलं की गेम पुढे गेला असता. पाहुण्यांना कळलंही नसतं.

दादाचं बोट बटणावर होतं. सहा वर्षं त्या बोटाखाली होती. चाळीस घरं होती.

नाही दाबता आलं त्याला.

"जा मास्तर," तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला. "मरू दे ते काम. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा."

पडद्यावरच्या हातांनी बंदूक जमिनीवर ठेवली. अगदी सावकाश...

आणि निघून गेले.

उरला नुसता गेममधला रिकामा व्हरांडा. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चारला फोन आला. गेम बंद.

रविवारी दादा-वहिनी आमच्याकडे आले. मी चहा ठेवला. दादाने कपाकडे हात नेला...

टक् टक्.

डाव्या अंगठ्याने.

"दादा, ही सवय कधीपासून?"

"कुठली सवय?"

वहिनीचा चेहरा पांढराफटक. "शुक्रवारपासून," ती म्हणाली. "आणि डावा हात दुखतोय यांचा. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, ऑफिसातल्या पोरांच्या नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकतो, एवढं संपवतो, मग जातो."

"ऊठ," मी म्हटलं. "चहा राहू दे. ऊठ आधी!"

डॉक्टरांनी छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. बघितली आणि ताडकन उभे राहिले. मग दादाकडे पाहिलं, तर हा धडधाकट बसलेला. दुसरी पट्टी काढली. एकदम स्वच्छ.

"मशीन बिघडलंय वाटतं," ते म्हणाले. "पहिली पट्टी अटॅकची आहे. नुकत्याच सुरू झालेल्या. असा पेशंट इतक्या लवकर आला ना, तर हमखास वाचतो."

हात पुढे करून दादाने पहिली पट्टी मागून घेतली.

आम्ही सकाळी दहाला गेलो होतो. पट्टीच्या कोपऱ्यात मशीनने छापलेली वेळ मी स्वतः वाचली.

तीन पस्तीस.

ती पट्टी दादाच्या पाकिटात असते. हात दुखायचा थांबलाय म्हणतो. मी तरी रोज सकाळी त्याला फोन करते. तो "बराय गं, बराय" म्हणतो, आणि चहाचा घोट घेण्याआधी गप्प होतो...

मी कान देऊन ऐकत राहते.