व्हिडिओ कॉलवर बोलणारा भाऊ

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात मी तिखटमीठ लावलेलं नाही.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी आपला वेगळा ब्रेक, यातच आयुष्य गेलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी स्वतः टर उडवायचो.

पण हे माझ्यासोबत घडलंय. भर दुपारी. माझ्याच घरातल्या मागच्या खोलीत.

आणि मी हे त्याच खोलीत बसून लिहितोय...

मला दुसऱ्याची किडनी बसवली आहे. ज्याची होती तो माणूस गेला. तो कोण, कुठला, हे आपल्याला सांगत नाहीत. मीही विचारलं नाही. हात जोडले आणि गप्प बसलो.

ऑपरेशननंतर घरी आलो तो थेट या खोलीत. शरीराने किडनीला परकं समजू नये म्हणून गोळ्या असतात. त्या गोळ्यांनी आजाराशी लढायची ताकद कमी होते, साधी सर्दीही महागात पडते. म्हणून खिडकी बंद. भेटणारे बंद. जेवणाचं ताट दाराबाहेरच्या स्टुलावर. बायको मास्क लावून यायची, काम उरकून जायची.

आणि माझी मुलगी... पहिलीत आहे. शाळेतून काय घेऊन येईल सांगता येत नाही, म्हणून तिला आत यायला सक्त मनाई. ती बंद दाराबाहेर फरशीवर बसून शाळेतल्या गमती सांगायची. खालच्या फटीतून तिची बोटं तेवढी दिसायची. तिला एकदा पोटाशी धरावं म्हणून जीव तुटायचा.

"बाबा, तू कधी बाहेर येणार?"

"डॉक्टर हो म्हणाले की लगेच."

माझं सगळं त्या एका होकारावर अडलं होतं.

हॉस्पिटल लांब, त्यामुळे तपासणी व्हिडिओ कॉलवर. रक्त घ्यायला माणूस घरी यायचा, रिपोर्ट परस्पर डॉक्टरांकडे जायचे. मी वजन, ताप, बीपी सांगायचं, शर्ट वर करून टाके दाखवायचे. पण डॉक्टरांची एक पद्धत होती. ते पेशंटवर विश्वास ठेवायचे नाहीत. "पेशंट थापा मारतात, घरचे नाही मारत," असं तोंडावर म्हणायचे. कॉलला घरचं माणूस शेजारी हवंच.

त्या दुपारी बायकोला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही. मुलगी शाळेत. घरात मी एकटा. म्हटलं, एक दिवस चालवून घेतील.

कॉल लागला. डॉक्टर खुशीत होते.

"रिपोर्ट एकदम मस्त! आता हळूहळू बाहेर यायला काही हरकत..."

आणि ते थांबले.

कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवली...

"असं का? कधी?"

मी म्हणालो, "डॉक्टर, मी काहीच बोललो नाही."

"तुम्ही थांबा हो जरा. त्यांना बोलू द्या."

खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पंखासुद्धा बंद होता. मला फक्त डॉक्टरांचंच बोलणं ऐकू येत होतं...

"काल? दाराच्या फटीतून? मुलीची बोटं धरून बसले होते?"



ते खरं होतं. आणि ते फक्त मला आणि माझ्या मुलीला माहीत होतं.

"तुमचे भाऊ बारीक लक्ष ठेवतात हं," डॉक्टर हसले. "तुमच्यापेक्षा त्यांनाच त्या किडनीची जास्त काळजी आहे. बाहेर यायचं आपण पुढच्या कॉलला बघू."

कॉल बंद.

मला भाऊ नाही. मी आईवडिलांना एकुलता एक.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज गेला असेल."

"टीव्हीला आपल्या मुलीची बोटं दिसतात का?"



पुढच्या कॉलला ती रजा टाकून माझ्या शेजारी बसली.

"वा, आज ताई पण आहेत," डॉक्टर म्हणाले. "भाऊ आहेतच."

"ह्यांना भाऊ नाही, डॉक्टर."

"काय थट्टा करता? आत्ता तर ते म्हणाले की..."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"काय म्हणाले?" बायकोने माझा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. आवाज एकदम खाली आला.

"म्हणाले... ताईंना बाहेर पाठवा. आत आम्ही दोघं पुरे."



मग ते घाईघाईने म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत. तुम्ही आजच त्या खोलीतून बाहेर या. आजच!" आणि त्यांनी कॉल तोडला.

मुलगी शाळेतून आली. बायकोने तिला आंघोळ घातली, कपडे बदलले, मास्क लावला. ती दाराबाहेर हात पसरून उभी राहिली. मला रडूच फुटलं. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला...

आणि पोटात, किडनी बसवली आहे त्याच जागी, आतून कोणीतरी मूठ आवळली.

मी खाली बसलो. तोंडातून आवाज फुटेना. बायकोने मला ओढत आत घेतलं.

आत येताच मूठ सुटली.

दुसऱ्या दिवशी तेच. हॉस्पिटलला न्यायचं म्हणून स्ट्रेचरवर घालून जिन्यापर्यंत नेलं, तेव्हाही तेच. सोनोग्राफीचं मशीन घरी आणलं. सगळं ठणठणीत! म्हणे, माझ्या मनाने भीती घेतली आहे.

ते डॉक्टर आता माझा कॉल घेत नाहीत. त्यांच्या जागी एक नवीन डॉक्टरीणबाई असतात. त्या मला काही विचारतच नाहीत. माझ्या बाजूला बघून कोणाशी तरी बोलतात, "हो, हो," करतात, औषधं सांगतात आणि कॉल ठेवतात. मी ओरडलो तरी त्यांना ऐकू जात नाही.

काल मात्र मी ठरवलं. राहिली तर राहिली किडनी, गेली तर गेली. असं कोंडून जगण्यात काय अर्थ आहे? मी दार सताड उघडलं आणि मुलीला हाक मारली.

ती आली. पण तिने हात पसरले नाहीत. मान तिरकी करून ती काहीतरी ऐकत होती...

"बाबा, तू नको येऊस."

"का गं?"

"काका रडतायत. म्हणतात, तू बाहेर आलास की ते मरतील."

"कोण काका, बाळा?"

ती माझ्या पोटाकडे बघत होती.

"त्यांना परत मरायचं नाहीये, बाबा."

आणि तिने हळूच दार ओढून घेतलं.

मी ते ढकललं नाही.