चार संध्याकाळींचा कोट

"टेलर हायत का?"

पडद्यापलीकडून आवाज आला आणि माझा पाय मशिनच्या पायट्यावर तसाच थांबला. साताऱ्याच्या खण आळीतल्या आमच्या दुकानात त्या दुपारी मी एकटीच होते. श्रावणी सोमवार म्हणून आई देवळात गेलेली, आणि आप्पा लोणंदला, आजारी चुलतभावाला बघायला.

"नाहीत. उद्या या," मी आतूनच म्हटलं.

"उद्या मुंबईत डॉक्टरी तपासणी हाय माजी. तीन आठवड्यांनी जहाजावर चढायचंय. आज माप न्हाई झालं तर संपलंच की!"

जहाज? साताऱ्यात? मी पडदा बाजूला केला.

उंच, सावळा, रापलेला चेहरा. केसांवर भुरभुर पावसाचे थेंब तसेच. हातात परदेशी तिकीट लावलेलं लांबट पाकीट. मला बघून तो चक्क एक पाऊल मागं सरला. आवाज घरातल्या कुणा म्हाताऱ्या बाईचा असेल, असं धरून चालला असावा.

"कसला कपडा हवाय?" मी विचारलं.

"तेच तर मला समजंना..." त्यानं पाकीट पुढं केलं. "इंग्रजी कळतं, पर ह्यातलं कापड कळत न्हाई."

बी.ए.ला मी इंग्रजीच घेतलं होतं. कागदावर वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं – 'फॉर्मल संध्याकाळी काय घालावे'. काळं डिनर जॅकेट, त्याला सॅटिनची कॉलर. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर सॅटिनची पट्टी. बारीक चुण्यांचा पांढरा शर्ट, गळ्याशी काळा बो, आणि कमरेला रुंद पट्ट्यासारखा कमरबंड.

"कमरबंद! ह्यो तर आपलाच शब्द की," तो खुशीत म्हणाला. "बाकी सगळं त्यांचं."

"पण जहाजावर हे कशाला?"

"आजवर मालाच्या जहाजावर हुतो, इंजिनखोलीत. तितं तेलकट डांगरी घातली की झालं. आता ग्रीक कंपनीनं ह्या माणसांच्या जहाजावर घातलंय. क्रूझ म्हणत्यात. माणसं चढत्यात, महिनाभर फिरत्यात, खात्यात, नाचत्यात..."

"आणि उतरतात कुठं?"

"जितनं चढली, तितंच."

मी बघतच राहिले. "म्हणजे त्यांना कुठं जायचंच नसतं?"

"मला बी आसाच धक्का बसलावता! आन् त्यातल्या चार संध्याकाळी आमी इंजिनिअर लोकांनी बी पाव्हण्यांच्या टेबलावर बसायचं. ह्या अशा थाटात."

आता खरी अडचण होती. आप्पा पूर्वी पलटणीत शिंपी होते, साहेब लोकांचे मेसचे पोशाख शिवायचे. म्हणून तर दुकानावर 'गंगाधर मिलिटरी टेलर' अशी पाटी होती. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. तेव्हापासून पडद्याआड कापायची मी, शिवायची मी. माप मात्र आप्पाच घेत आणि आकडे मोठ्यानं सांगत. ही गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती.

खुंटीवर टेप होती. मी तिच्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं... आणि टेप काढली.

"सरळ उभे राहा."

"तुमी... तुमी घेनार?"

"घाई तुम्हाला आहे ना?"

तो असा ताठ झाला, की जणू झेंडावंदन आहे. नजर छताला. कान लालभडक. माझे कान कसे झाले होते, ते बघायला मला आरसा नको होता.

"श्वास सोडा," मी म्हटलं.

"सोडला तर माप बदलंल."

"धरून ठेवलात तर जेवताना बटण उडेल."

त्यानं श्वास सोडला. माझ्या कपाळावरची बट हलली.

"अडतीस," मी पुटपुटले.

"टेप का थरथरतीया?"

"टेप नाही थरथरत."

"मग?"

मी वहीत लिहू लागले. "नाव?"

"लालासाहेब."

मला हसू आवरलं नाही.

"हसा, हसा. रहिमतपूरकडं आमच्या गावात तीन लालासाहेब हायत. पर जहाजावर चढलेला मी एकटाच."

सॅटिन साताऱ्यात मिळायचं नाही, म्हणून सांगितलं. त्याला कॉलेजातून दाखला घ्यायला सांगलीला जायचंच होतं, तिथून आणतो म्हणाला. पायरी उतरून गेला... आणि रस्त्यावरून वळून बघितलं. मी बघतच होते, म्हणून मला कळलं.

संध्याकाळी आप्पांनी वही उघडली. माझं अक्षर बघून ते स्टुलावर मटकन बसले.

"माप तू घेतलंस?"

"हो."

"कुणाला बोलू नकोस, पद्मा. सांगलीची माणसं पुढच्या आठवड्यात तुला बघणार आहेत."

सांगलीला लीलाआत्याच्या घरी कार्यक्रम ठरला होता. मुलाच्या घरचं कापडाचं मोठं दुकान. मुलगा पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलेला, बोलत होती त्याची आई, मनुबाई. रांगोळी येते का, पुरणपोळी येते का... सगळं नीट चाललं होतं. मग चहाचा कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "परवा आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. काळं सॅटिन घेतलं. म्हणत होता, साताऱ्यात गंगाधर टेलरची मुलगी स्वतः माप घेते, आणि तिचा हात असा की बघत राहावं." त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "खरं आहे का गं?"

खोलीत आवाज होता तो फक्त आप्पांच्या हातातल्या कपबशीचा... किणकिण, किणकिण. 'नाही' एवढा एकच शब्द म्हटला असता, तर सगळं निभावलं असतं.

"हो," मी म्हटलं. "घेतलं."

"परक्या पुरुषाचं?"

"कोट त्यांनाच हवा होता."

आत्यानं तोंडावर पदर धरला. मी मात्र आता थांबणार नव्हते. "आणि दोन वर्षं आप्पांच्या नावावर जे कपडे जातात, तेही मीच शिवते."

मनुबाईंनी अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला.

परतीच्या एस.टी.नं आयर्विन पूल ओलांडला, इस्लामपूर गेलं, तरी आप्पा खिडकीबाहेरच बघत होते. कराडच्या स्टँडवर चहा घेताना एकदम म्हणाले, "हो म्हणालीस."

"चुकलं?"

ते चहाचे पैसे द्यायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडखडाटानं मी दचकून खाली आले. शेजारच्या जोतीरामकाकांना हाताशी धरून आप्पांनी माझं मशिन ओढत ओढत पुढं, थेट रस्त्याच्या तोंडाशी आणलं होतं. पडदा काढून घडी करून ठेवलेला. सगळी खण आळी आ वासून बघत होती.

"आप्पा! हे काय?"

"इथं उजेड चांगला येतो," आप्पा म्हणाले आणि शांतपणे सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करू लागले. मी तो ओवून दिला.

त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं आपलं कापड परत घेऊन गेली. एका पेन्शनर सुभेदारांनी अंगातला कोट काढून, उलटा करून पुन्हा पुन्हा बघितला, "हा पण हिनंच?" असं विचारलं आणि पुन्हा अंगात घालून निघून गेले.

चौथ्या दिवशी लालासाहेब सॅटिन घेऊन ट्रायलला आला. मशिन पुढं आलेलं बघून त्याचा चेहरा फुलला. "झ्याक! आता कसं–"

"सांगलीच्या दुकानात काय बोललात तुम्ही?" टाचण्या लावता लावता मी विचारलं.

"काय म्हंजी? तुमचा हात लय भारी हाय, एवढंच म्हणलं. का?"

"त्याच घरी माझं लग्न ठरणार होतं."

तो पुतळ्यासारखा झाला. एक बाही अंगात, एक लोंबत.

"मी... मी तुमचं लगीन मोडलं?"

"हलू नका, टाचणी टोचेल."

"टोचू द्या." मोकळ्या हातानं त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग एकदम, पाण्यात उडी मारावी तसं तो म्हणाला, "मग मी करतो की लगीन!"

टाचणी टोचली... मला.

"उसवलं तिथं ठिगळ लावायला निघालात?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, बोटामुळं की कशामुळं, कोण जाणे. "मला कुणाची भरपाई नको. कोट आठ दिवसांत मिळेल."

त्यानं कोट उतरवून ठेवला. निघताना पायरीवर थांबला. "चुकलं माजं. पर हाताबद्दल बोललो ते खोटं न्हवतं."

मग आठ दिवस मी त्या काळ्या कापडाशी बोलत होते. कॉलर उसवली, पुन्हा लावली. राग होता ना... मग इतकं मन लावून कोण शिवतं? आई मला असं विचारायची. मी म्हणायचे, जहाजावर सातारची अब्रू जायला नको.

न्यायच्या दिवशी तो पूर्ण पोशाख घालून पाठीमागच्या खोलीतून बाहेर आला, आणि मीच हबकले. हा तोच? खांद्यांवर कोट असा बसला होता, जणू अंगाबरोबरच वाढला असावा.

"आता बो," आप्पा म्हणाले. त्यांची बोटं गाठीपर्यंत पोचेनात. "पद्मा, तू दाखव."

मी त्याच्या गळ्याशी गाठ बांधून दाखवली, सोडली. "आता तुम्ही."

त्यानं बांधली ती कुठल्या तरी पोत्याच्या तोंडासारखी. मी पुन्हा दाखवली. पुन्हा पोतं. तिसऱ्यांदा दाखवताना त्याच्या गळ्याची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. मी वर बघितलं नाही.

आप्पा चहा सांगायला कोपऱ्यावर गेले. मी खोकं आणायला वळले, आणि भिंतीवरच्या आरशात दिसलं – लालासाहेबांनी बो सोडला, आणि न बघता, दोन चुटक्यांत, अगदी चित्रातल्यासारखा बांधून टाकला!

"तुम्हाला येतं!"

तो चोर पकडल्यासारखा गोरामोरा झाला. "जहाजावरचा मानूस मी... तीस परकारच्या गाठी येत्यात."

"मग तीन तीनदा मला–"

"चवथ्यांदा सांगायचं धाडस न्हाई झालं."

हसावं की रागवावं? मी खोकंच छातीशी धरून उभी राहिले.

"त्या दिवशी बोललो ते भरपाईचं न्हवतं," तो हळू म्हणाला. "बोलायची येळ चुकली, एवढंच. तुमी 'श्वास सोडा' म्हणालात ना... त्यो अजून नीट सुटला न्हाई."

कोपऱ्यावरून आप्पांचा आवाज जवळ येत होता. मी घाईनं म्हटलं, "परत यायला आठ महिने आहेत ना. पत्रं लिहा. त्या संध्याकाळी तिथल्या बायका काय घालतात, ते नीट बघून लिहा. शिवणकामासाठी हवंय मला."

"शिवणकामासाठीच?"

"पुढचं पुढं."

पहिलं पत्र महिन्यानं आलं. 'आज पहिली फॉर्मल संध्याकाळ. तुम्ही बघायला सांगितलंत म्हणून बघितलं, नाहीतर मान वर केली नसती. एका बाईच्या झग्याला पाठच नव्हती! मला वाटलं, शिवायची राहून गेली. कुणीतरी सांगावं तिला, म्हणून मी उठणार, तेवढ्यात दुसरी आली. तिलाही नाही. मग खाली बघून सूप प्यालो. कॅप्टननं माझ्या कोटाची बाही चिमटीत धरून विचारलं, लंडनचा टेलर का? मी म्हटलं, सातारा, खण आळी.'

मी ते इतक्या वेळा वाचलं, की घडीवर कागद फाटला.

दिवाळीनंतर एक ठसठशीत बाई दुकानात आल्या. ऊस तोडणीतून तशाच उठून आल्यासारख्या. "मी शालूबाई. लालाची आई." माझ्या हातातली कात्री खाली पडली. "लेकानं तुज्याबद्दल लिवलंय. आमी मराठा, तुमी शिंपी... मला लय राग आलाय. दोन दिस जेवले न्हाई. पर बघून तरी जावं म्हणलं." त्यांनी एक खण पुढं टाकला. "चोळी शिव. बघू तुजा हात."

मी शिवली. त्या घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या, तेव्हा बरोबर गावच्या चार बायका होत्या. "द्या गं मापं," त्या म्हणाल्या. "आमचीच हाय ती."

आप्पा ऐकून खोकल्याचं निमित्त करून आत गेले.

मग मार्चात ते पत्र आलं. 'कंपनी अधिकाऱ्यांच्या बायकांना वर्षातून एक सफर देते. फॉर्मल संध्याकाळी त्यांनी लांब झगा घालावा, किंवा आपल्या देशाचा पोशाख. हे तुम्हाला नुसतं कळवतो आहे. शिवणकामासाठी.'

दुपारभर मी मशिन चालवलं आणि एकही टाका सरळ पडला नाही. मग पोस्टाचं निळं पत्र घेतलं आणि लिहिलं – 'नऊवारी चालते का, ते कॅप्टनला विचारून ठेवा. एक सफर तुमच्याबरोबर. बाकीचं वर्ष दुकान माझं. कबूल असेल तर कळवा.'

पेटीत पत्र टाकलं आणि ते परत निघतं का, म्हणून फटीत बोटं घालून बघितली. काय लिहिलं मी हे?

आठ दिवस गेले, पंधरा गेले. आणि विसाव्या दिवशी भर दुपारी दाराशी सायकल थांबली. "तार!"

तार म्हटल्यावर आमच्याकडं एकच अर्थ. आईनं हातातलं ताट टाकलं आणि रडायलाच लागली. जोतीरामकाका धावत आले. आप्पांनी पाकीट घेतलं, पण त्यांचे हात असे थरथरत होते की ते फाटेना. "समुद्र... पोरगा समुद्रावर..." एवढंच ते म्हणत होते. मी पाकीट ओढून घेतलं आणि फाडलं. अक्षरं पोहत होती. इंग्रजी अक्षरं, पण शब्द मराठी.

'नऊवारी चालते. कबूल. निघालो. लाला.'

मी खालीच बसले. हसू येत होतं आणि डोळे वाहत होते, दोन्ही एकदम.

"अगं बोल की!" आई किंचाळली. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आई..." मी तार पदराखाली लपवली. "मी जाणार आहे."