माळढोकाचं अंडं आणि पातळ इंधन

उबपेटीत साडेसदतीस अंश तापमान हवं होतं. आकडा छत्तीसवर आला होता आणि आणखी उतरतच होता.

पेटीत माळढोकाचं अंडं होतं. कुत्र्यांनी मादीला हुसकावून लावलं होतं आणि ती घरट्याकडे परतलीच नव्हती. २०४९ साली त्या माळावर असे अकराच पक्षी उरले होते. गवतातल्या घरट्यांमुळे तिथे गाड्यांना मनाई होती. म्हणून बारा वर्षांची केतकी आणि तिची सुनंदाआत्या पायीच पक्षी-केंद्राकडे निघाल्या होत्या. अजून तासाभराची वाट होती.

केतकीला राहवेना. आत्या दुर्बिणीतून वाट शोधत असताना तिने पेटीच्या इंधनघटातली (इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या डबीतली) कुपीतलं इंधन बदललं. पाणी मिसळलेलं पातळ मिथेनॉल ओतून टाकलं, शुद्ध मिथेनॉल भरलं. जास्त इंधन म्हणजे जास्त वीज!

थोड्याच वेळात आकडा पस्तीसवर घसरला.

"आत्या, मी शुद्ध मिथेनॉल घातलं. उलटंच झालं गं!" तिला रडू फुटलं.

असे घट बनवण्यात आत्याची वीस वर्षं गेली होती. ती तिथेच बसली आणि तिने हातमोजे चढवले. मिथेनॉल विषारी असतं.

"घटात मधोमध एक पडदा असतो. अलीकडे मिथेनॉल आणि पाणी, पलीकडे हवा. अलीकडून सुटलेले प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) पडद्यातून जातात. इलेक्ट्रॉनांना तिथून वाट नाही, ते तारेतून फिरून जातात. तीच आपली वीज."

"मग जास्त मिथेनॉल चांगलंच की!"

"अगं, ते स्वतःच पडद्यातून झिरपतं आणि पलीकडे फुकट जळतं. शिवाय या क्रियेला पाणीही लागतं. ते तू ठेवलंसच कुठे? एक चमचा मिथेनॉलला चोवीस चमचे शुद्ध पाणी. मोज."

केतकी सतराव्या चमच्याला चुकली. तिने पाणी ओतून दिलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

कुपी बसली. आकडा पस्तीसवर थांबला, पण चढेना. केतकीने घटाच्या काचेला डोळा लावला.

"आत्या, आत बुडबुडे चिकटलेत! तेच वाट अडवत असतील?"

"क्रियेत बनलेला कार्बन डायऑक्साइड! आधी आकडा उतरत होता तोही यामुळेच. शाब्बास. घट तिरका कर, टिचक्या मार."

बुडबुडे सुटले. साडेपस्तीस. छत्तीस. दोघी झपाझप निघाल्या.

केंद्रावरच्या डॉक्टरांनी अंडं कानाशी धरलं आणि हसून ते केतकीच्या कानाशी नेलं. आतून कुणीतरी कवचावर टकटक करत होतं.

"आत्या," ती कुजबुजली, "प्रोटॉन जाऊ देईल पण मिथेनॉल अडवेल, असा पडदा कशाचा करता येईल?"

"पूर्णपणे अडवणारा मला अजून जमलेला नाही," आत्या म्हणाली. "उद्या प्रयोगशाळेत येतेस?"