कल्याणीच्या नंबरावर कापलेला फोन

या, अशा जवळ सरकून बसा. टाळ घडीभर मांडीवर राहू द्या. आज एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात गुन्हेगार आहे, पण त्यानं कुणाचे दागदागिने नेले नाहीत. खुणा सगळ्या वाटेतच ठेवतो, एकही पदराआड नाही. कोण तो, तुम्हीच ओळखा. आणि ओळखलात की मनाला थोडं सांभाळा.

काकासाहेबांना सकाळी फोन आला. पलीकडे कल्याणी रडत होती.

"काका, तुम्ही या. नरहरकाकांचा फोन मी न्हाई कापला. द्वारकाकाकू मला दारात म्हणाल्या, माझं कुंकू तू पुसलंस."

काकासाहेब पोलिसातले निवृत्त जमादार. सप्ताहात कीर्तनाला उभे राहायचे ते नरहरच्या खांद्याला खांदा लावून. नरहर नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीचं गोदाम सांभाळायचे. कुणालाही 'माऊली' म्हणूनच हाक मारायचे. मालक असो की हमाल. त्यांचा दहावा नुकताच झाला होता. काकासाहेबांनी तेव्हापासून टाळांना हात लावला नव्हता. त्यांनी टोपी घातली आणि निघाले.

नरहर गोदामातच गेले होते. संध्याकाळी हमाल आत गेले, तर गोण्यांच्या थप्पीला पाठ टेकून बसलेले दिसले. हातात ऑफिसचा वायरलेस हँडसेट, अंगठा एक आकड्याच्या बटणावर. हृदयविकाराचा झटका. लवकर आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर हळू बोलले. पण नरहरच्या पत्नी द्वारकाबाईंनी ते ऐकलंच.

ऑफिसात मॅनेजर राजानंद यांनी काकासाहेबांना भिंतीवरचा एक पांढरा डबा दाखवला.

"हा बेस. गोदामाच्या पत्र्यात मोबाईल चालत न्हाई, म्हणून इंटरनेटवरचे फोन घेतले आम्ही. बेसच्या टप्प्यात हँडसेट घेऊन कुठंबी फिरा."

"नरहरनं कुणाला लावला?"

"एक दाबला की रिसेप्शनवर कल्याणीला लागतो. त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. दर वेळी तिच्या हँडसेटवर वाजला, अन् तिकडूनच कापला."

"हँडसेट टप्प्याबाहेर असंल."

"मंग वाजलाच नसता, जमादार. हा बराबर बटण दाबून कापलाय."

"फोन करणाऱ्याचं नाव दिसतं तुमच्या यंत्रणेत?"

"आमच्याकडं नुसते नंबर. नाव दिसतं ते ज्याच्याकडं वाजतो त्याच्या पडद्यावर." राजानंद खाली बघत म्हणाले, "पोरीला काढावं लागंल. दुसरा विलाज न्हाई. गावात तोंड दाखवता येईना आम्हाला."

कल्याणी रिसेप्शनच्या टेबलामागे बसली होती. डोळे सुजलेले. समोरची चहाची कपबशी तशीच, वर साय धरलेली.

"त्या दुपारी तुझा हँडसेट कुठं होता?"

"जेवणानंतर स्टँडवर ठेवला, चार्जिंगला. आष्टीचे दुकानदार आल्ते. त्यांना हॉलमधी बसवलं, चहापाणी केलं. परत आले तर स्टँड रिकामा."

"अन् तू शोधला न्हाईस?"

"इथं रोजचंच हाय, काका. हँडसेट सगळे सारखे. ज्याची बॅटरी उतरली तो भरलेला उचलतो. माझा दाराजवळ, म्हणून जाता-येता सगळ्यांच्या हाताला तोच येतो. नंतर पाह्यलं तर आपला जाग्यावर."

"नरहरचा फोन आला की पडद्यावर काय येतं?"

"'नरहर, गोदाम'. अजून काय येणार?" तिनं डोळे पुसले. "माझ्या बापानंतर त्यांनीच मला बेटा म्हणलं, काका. त्यांचा फोन मी कापीन?"

राजानंदांनी तो हँडसेट त्याच संध्याकाळी कपाटात कुलपात ठेवला होता. काकासाहेबांनी खिडकीशी नेऊन पाहिला. कापायच्या लाल बटणाच्या कडेला, खोबणीत, गुलाबी भुकटी बसलेली होती.

"हे काय?"

"बियाण्याला औषध लावतात, त्याचा रंग," राजानंद म्हणाले. "सहजी निघत न्हाई."

"कल्याणीचा हात लागतो त्या बियाण्याला?"

"छे. औषधाच्या मशीनवर हरिओम असतो. अन् तपासणीला नमुने काढतो तो अंगद."

अंगद हा नरहरचाच मुलगा.

हरिओम शेडमध्ये तोंडाला फडकं बांधून उभा होता. मशीन खडखडत होतं. त्यानं ते बंद केलं, तेव्हा कुठं बोलणं ऐकू आलं.

"माझं अन् त्यांचं रोज वाजायचं, खरंय," तो म्हणाला. "तंबाखूवरून. 'माऊली, थुंका ते' म्हणायचे. आता म्हणायला कुणी न्हाई, तरी थुंकून राह्यलो बघा."

"त्या दुपारी कुठं होतास?"

"इथंच. आष्टीचा माल भरायचा होता, मशीन दिवसभर थांबलं न्हाई. बंद पडलं असतं तर साहेबांनी माझीच चामडी सोलली असती."

"हँडसेट होता तुझ्याकडं?"

"इथं काय करू त्याचं? ह्या शेडमधी टप्पाच न्हाई. तुम्हीच बघा."

काकासाहेबांनी बघितलं. हँडसेट शेडमध्ये नेला की पडद्यावरची खूण जायची, फोन मुका व्हायचा. अंगणात पाऊल टाकलं की पुन्हा जिवंत.

अंगद प्रयोगशाळेत होता. डोक्यावरचे केस अजून खुरटे. काकासाहेबांना पाहून तो उठला, पाया पडला.

"तिच्यासाठी आलात न काका? सोडू नका तिला. 'माऊली' असं धडधडीत दिसत असताना फोन कापला तिनं."

काकासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बापाशी तू बोलत न्हवतास म्हणे."

"सगळ्यांना ठाऊक हाय ते. लहानपणी मला फिट यायची. कितीक वर्षांत आली न्हाई. माझ्यासाठी अर्पिताचं स्थळ ठरत आल्तं, अन् बाबांनी पाहुण्यांच्या बैठकीत ते सांगून टाकलं. मोडलं लग्न."

"खोटं सांगितलं?"

"खरं सांगितलं. पण बाप होते न माझे."

काकासाहेब बाहेर कडुनिंबाखाली आले. फोन बसवून देणाऱ्या सुयशचा नंबर त्यांनी राजानंदांकडून घेतला होता.

"नरहरच्या हँडसेटला तू हात कधी लावल्तास?"

"ते गेले त्याच दिवशी सकाळी," सुयश म्हणाला. "बॅटरी बदलली. मंग म्हणाले, 'त्या पडद्यावर माझं नाव कशाला? माऊली टाक. फोन आला की समोरच्याच्या तोंडी देवाचं नाव येईल.' टाकून दिलं. हसलो आम्ही."

"कुणाला सांगितलंस हे?"

"कुणाला सांगू? दुसऱ्या दिवशी कळलं ते गेले. जीभच उचलंना."

"त्यांनी सांगितलं असंल."

"ते कुठं सांगणार? 'फोन करीन तेव्हा समजू दे लोकांना, गंमत होईल' म्हणाले."

काकासाहेबांनी फोन खिशात ठेवला. त्यांना सगळं कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दुपारी ऑफिसच्या हॉलमध्ये सगळे बसले. द्वारकाबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. त्या कल्याणीकडे पाठ करून बसल्या.

"वहिनी," काकासाहेब म्हणाले, "फोन कल्याणीच्या हँडसेटवर वाजला, पण तो तिच्या हातात न्हवता. ही आष्टीच्या पाहुण्यांना चहा देत होती. कुणाची तरी बॅटरी उतरली, त्यानं दाराजवळचा हँडसेट उचलला. त्याच्या बोटाला औषधाचा रंग होता. तो अजून लाल बटणाच्या खोबणीत हाय. हरिओम मशीन सोडून हलला न्हाई, अन् तिथं फोन वाजतच न्हाई. वाजलेला फोन त्याला कापता येणार कसा?"

काकासाहेबांनी तो हँडसेट टेबलावर ठेवला.

"त्या सकाळी नरहरनं पडद्यावरचं आपलं नाव बदलून घेतलं. 'माऊली' करून घेतलं. त्यानंतर त्या हँडसेटवरनं कल्याणीशिवाय कुणाला फोनच गेला न्हाई, राजानंद साहेबांनी तपासलंय. म्हणजे 'माऊली' हे नाव उमटलं ते एकाच पडद्यावर, अन् तो हँडसेट त्याच दिवशी कुलपात गेला. कल्याणीला अजून ठाऊक न्हाई ते. ती म्हणते, 'नरहर, गोदाम' येतं." काकासाहेब अंगदकडे वळले. "तुला कसं ठाऊक, अंगद?"

अंगदनं दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. नखांच्या कडा गुलाबी होत्या.

"'माऊली' दिसलं, म्हणजे बाबाच. मला वाटलं, चहा मागून राह्यलेत कल्याणीला," तो म्हणाला. "मी उचलला असता तर माझा आवाज ओळखला असता. बोलत बसले असते. 'अंगदा, जेवलास का' म्हणाले असते. मला त्यांच्याशी बोलायचं न्हवतं. म्हणून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मंग हँडसेट स्टँडवर ठेवून दिला."

"अन् ह्या पोरीवर घातलंस?"

"आईला काय सांगू? बाबा गेलेच होते. मी बी गेलो असतो तिच्या मनातनं."

द्वारकाबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, पोराकडे जातील. त्या कल्याणीपाशी गेल्या, तिच्या पायाशी वाकू लागल्या. कल्याणीनं त्यांना वरच्या वर धरलं.

"काकू, असं नका करू."

"मी तुला काय काय बोलले, लेकरा."

मग त्या वळल्या. अंगद आता उठून मान खाली घालून उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्याला मारलं नाही, जवळही घेतलं नाही.

"सकाळपासून जेवलास का?" त्यांनी विचारलं.

त्या आवाजात नरहर होते. अंगद मटकन खाली बसला, तेव्हा कुठे पहिल्यांदा रडला. दहाव्यालाही तो रडला नव्हता.

राजानंदांनी कल्याणीची माफी मागितली. नरहरच्या हँडसेटवरचं नाव काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं. नको, म्हणाली ती. आता गोदाम हरिओम सांभाळतो, आणि तो हँडसेट त्याच्याकडे असतो. फोन आला की कल्याणीच्या पडद्यावर 'माऊली' उमटतं, आणि ती उचलते. कितीही गर्दी असो, पाहुणे असोत, आधी उचलते.

कायद्यात ह्या गुन्ह्याला कलम नाही. काकासाहेबांनी शोधलंच नाही म्हणा. पुढच्या सप्ताहात ते टाळ घेऊन उभे राहिले. शेजारची जागा रिकामी ठेवली होती. दुसऱ्या रात्री अंगद आला, मंडपाच्या खांबाजवळ उभा राहिला, आत आला नाही. काकासाहेबांनी रिकाम्या जागेकडे बोट केलं. तो आला नाही. रोज येतो आणि खांबापाशी उभा राहतो.

गोष्ट संपली. उठा आता. देवापुढे हात जोडाल तेव्हा नरहरची आठवण काढालच, ते माहीत आहे मला. पण तेवढ्यानं भागायचं नाही. आज त्यांच्या आधी अंगदची आठवण काढा. नरहर असते तर त्यांनीही आधी त्याचंच नाव घेतलं असतं.