घर दाखवणाऱ्या बाई

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण भावोजींच्या गाडीत मी स्वतः होते. रविवारची दुपार होती, लख्ख ऊन होतं. काळोख, सोसाट्याचा वारा, यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

माझे भावोजी एजंट. घरं दाखवायची आणि विकून द्यायची. एकाच वेळेला दोन गिऱ्हाइकांना गावाच्या दोन टोकांना बोलवायचं आणि दोघांनाही सांगायचं, "पाच मिनिटांत पोचतो." ताई म्हणायची, "लग्नाला तेवढे वेळेवर आले, तिथेच यांची वेळ संपली."

त्या दिवशी मात्र स्वारी खुशीत होती.

"तिसऱ्या मजल्यावरचा तो रिकामा फ्लॅट आहे ना, तिथे मला घाईच नसते. गिऱ्हाईक आधी पोचलं तर आतल्या बाई दार उघडतात, सगळं घर दाखवतात. मालकांच्या नात्यातल्या असतील."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"वेळ कुठाय? मी पोचेपर्यंत त्या गेलेल्या असतात."

"म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या!"

ते हसले. आता तर मुद्दाम त्याच वेळेला ते दुसरीकडची भेट ठरवायचे. आजचं गिऱ्हाईक जरा चोखंदळ होतं, म्हणून ताईला पुढे पाठवलं होतं. खाली उभं राहून चार गप्पा मारायला, बस.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. भावोजींनी सहज त्या बाईंचे आभार मानले.

मालकांनी विचारलं,

"कोण बाई? किल्ली एकच आहे, ती तुमच्याकडे."

ती किल्ली गाडीच्या चावीलाच अडकवली होती. आमच्या डोळ्यांसमोर हलत होती.

भावोजींनी ताईला फोन लावला.

"अगं, वर जाऊ नकोस!"

"अहो, मी वरच आहे. ते लोक अजून आले नाहीत. पण बाई फार चांगल्या आहेत हो. मला घर दाखवताहेत."

"बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

"थांबा हो, एकच खोली राहिलीय..."

फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

पुढे सिग्नल. गाड्यांची ही रांग. भावोजी हॉर्न दाबून रडत होते. हो, चक्क रडत होते. "पाच मिनिटं दे... फक्त पाच मिनिटं..." कोणाला म्हणत होते कोण जाणे.

शेवटी गाडी रस्त्याकडेला टाकून आम्ही पळत सुटलो.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

आणि आतून ताईचा आवाज येत होता. शांत...

"ही पूर्वेची खिडकी. सकाळचं ऊन थेट आत येतं."

भावोजींच्या हातातून किल्ली घेऊन कुलूप मीच उघडलं. रिकाम्या खोलीत ताई एकटीच उभी होती. आम्हाला बघून ती हसली.

"या ना. उशीर झाला तुम्हाला."

डॉक्टर झाले, सगळे उपाय झाले. ताई जेवते, झोपते. भावोजींनी काम सोडलं, दिवसभर तिच्याजवळ बसून असतात. तो फ्लॅट आता दुसरा एजंट दाखवतो. तिथे म्हणे दार उघडायला कोणीच नसतं.

ताई मात्र बेल वाजली की उठते. येईल त्याला स्वतःचं घर दाखवते. "सकाळचं ऊन थेट आत येतं," असं सांगते. त्यांच्या घराला पूर्वेला खिडकीच नाही.

परवा माझ्यासमोर भावोजींनी तिचा हात धरला. "अगं, मी आहे. बघ ना, इथेच आहे."

ताईने हळूच हात सोडवून घेतला. परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"घर आवडलं का तुम्हाला?" तिने विचारलं.