रक्षकच का जळाला?

गाडीला वाचवण्यासाठी बसवलेलं यंत्रच सगळ्यांत आधी जळालं, हे मृण्मयीला किती तरी वेळ खरंच वाटेना.

करमाळ्याच्या पुढे माळावर फिरत्या घरांसाठी नवा तळ झाला होता. ओळीनं विजेचे खांब उभे होते. गाडी लावायची, जाड केबल खांबाच्या सॉकेटमध्ये खोचायची, की आपलं घर सुरू! पण आजोबांची गाडी नुसतं घर नव्हती. डॉ. श्रीधर खांबेटे हे विद्युतशास्त्रज्ञ, आणि त्यांनी गाडीत माळढोक पक्ष्यांसाठी उबवणी केंद्र (अंड्यांना कृत्रिम ऊब देण्याची जागा) थाटलं होतं. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. असंच एक अंडं वनरक्षकांनी वणव्यातून वाचवून आणलं होतं. एक-दोन दिवसांत ते फुटून पिल्लू बाहेर येणार होतं. त्याची देखभाल करायला ऊबा नावाचा बुटका यंत्रमानव होता.

त्या संध्याकाळी आजोबांनी केबल जोडली आणि मृण्मयीनं आत दिवा लावला. दिवा पांढराफटक झाला. पंखा किंचाळल्यासारखा फिरू लागला. ती काही बोलणार, इतक्यात फट्‌ असा आवाज झाला आणि भिंतीवरच्या सर्ज प्रोटेक्टरमधून (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणाऱ्या रक्षक यंत्रातून) काळा धूर निघाला.

"आजोबा!"

"आहेस तिथेच थांब! धातूला हात लावू नकोस!" आजोबा बाहेरून ओरडले. त्यांनी आधी खांबावरचं बटण पाडलं, मग केबल उपटली.

सगळीकडे अंधार. उबवणी यंत्राचा दिवाही विझलेला. ऊबानं हळूच झाकण उघडलं, अंडं उचललं आणि आपल्या गरम तळव्यांत धरलं.

"माझी बॅटरी दोन तास पुरेल," तो म्हणाला. "नंतर तळवे गार होतील."

दोन दिवस आभाळ भरलेलं असल्यामुळे गाडीची सौर बॅटरीही रिकामी होती. मृण्मयीनं जळक्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"पण आपल्याकडे रक्षक होता ना? मग तोच कसा जळाला?"

"व्होल्टेज (विजेला पुढे ढकलणारा दाब) किती होतं रे, ऊबा?" आजोबांनी विचारलं.

"तीनशे वीस. आणि ते खाली आलंच नाही."

आजोबा पायरीवर बसले. खांबावर दोनशे तीस असायला हवं होतं.

तेवढ्यात शेजारच्या गाडीतून तारामती डांगे धावत आल्या. "काका, तुमचा दिवा भडकला ना, तेव्हा आमचे दिवे मिणमिणायला लागले! एसी तर नुसता कण्हतोय."

"असं होय!" आजोबांचे डोळे विस्फारले. "मृण्मयी, पाहिलंस? आपल्याकडे जास्त, त्यांच्याकडे कमी. वीज एका तारेनं येते आणि न्यूट्रल (वीज परतण्याची तार) या वाटेनं परत जाते. तळावरच्या गाड्यांना वीज वेगवेगळ्या तारांनी येते, पण परतीची वाट सगळ्यांची एकच आहे. ती कुठे तरी तुटली, तर वीज काय करेल?"

"थांबेल?"

"थांबत नाही, हाच तर घोटाळा! ती आपल्या घरात शिरून त्यांच्या घरातून बाहेर पडते. दोन वेगळ्या तारांमधला चारशेचा दाब मग दोन घरांत वाटला जातो. ज्याच्याकडे एसीसारखं मोठं ओझं, त्याच्या वाट्याला थोडा दाब. ज्याच्याकडे लहानसं ओझं, त्याच्या वाट्याला जास्त."

"आणि आपलं यंत्र तर लहानसंच!" मृण्मयी म्हणाली.

"आपला साधा रक्षक क्षणभराची उसळी पिऊन टाकतो. दूर वीज कोसळली, की अशी उसळी येते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जाते. पण दाब चढला आणि चढलेलाच राहिला, तर तो पीत बसतो, तापतो आणि जळतो. त्याला दार बंद करता येत नाही."

तळाचे व्यवस्थापक बनसोडे बातमी ऐकून तळावरच्या दुकानातले दोन रक्षक घेऊन आले. एक छोटा, चकचकीत. दुसरा विटेएवढा जड.

"हा घ्या, सुटसुटीत आहे," बनसोडे म्हणाले.

मृण्मयीनं छोट्याची पाठ वाचली. "यावर फक्त उसळी लिहिलंय. सोळा अँपिअर (वाहणाऱ्या विजेचं माप). आपलं सॉकेट बत्तीसचं आहे."

"म्हणजे हाही जळेल," आजोबा म्हणाले. "तो दुसरा वाच."

दुसरा बत्तीसचा होता. तो दाब सतत मोजत होता आणि जास्त किंवा फार कमी झाला, की वीज तोडत होता. तारा उलटसुलट जोडल्यात का, अर्थिंग (गळती झालेल्या विजेला जमिनीत नेणारी तार) आहे का, हेही तो आधीच तपासत होता.

"उसळीही पितो आणि दारही बंद करतो!" मृण्मयी ओरडली.

केबल अजून सुटलेलीच होती. आजोबांनी मापकानं तारांत वीज उरली नसल्याची खात्री केली. मृण्मयी दूर उभी राहून टॉर्च धरत होती. केबल गाडीत जिथे शिरते, तिथेच आणि वीज वाटणाऱ्या पेटीच्या आधी त्यांनी नवा रक्षक बसवला. "पहारेकरी दारात हवा, माजघरात नको," ते पुटपुटले. प्रत्येक तार आपल्या खुणेला लावून स्क्रू घट्ट आवळला. सैल जोड तापतो. मग उबवणी यंत्रातला जळका भाग काढून आपल्याजवळचा नवा घातला.

ऊबाचे तळवे कोमट झाले होते.

नवा रक्षक दार बंद करतो का, ते पाहायला आजोबांनी केबल पुन्हा जोडली आणि खांबावरचं बटण चढवलं. रक्षकावर आकडा उमटला: तीनशे साठ. लाल दिवा लागला. आत मात्र एक दिवाही लागला नाही.

"वीज देतच नाही हा!" बनसोड्यांचा चेहरा पडला. "पण खांब नवाकोरा आहे हो!"

"खांब नवा आहे. जोड बघा."

बनसोड्यांनी तळाची वीज बंद करून वायरमनला बोलावलं. मुख्य पेटी उघडली आणि सगळे अवाक झाले. परतीची तार स्क्रूतून निसटून कोळशासारखी काळी पडली होती. त्या एका तारेवर अख्खा तळ उभा होता! डांगेबाईंनी कपाळावर हात मारला.

टोक कापून, नवं करून ती तार घट्ट बसवली. या वेळी आकडा उमटला: दोनशे अठ्ठावीस. रक्षक थोडा थांबला, दाब स्थिर असल्याची खात्री केली आणि खट्‌ आवाज करून त्यानं वीज आत सोडली.

ऊबानं अंडं जागेवर ठेवलं. "माझे तळवे आता गारच आहेत," तो म्हणाला.

मृण्मयीनं काचेला कान लावला. अंड्यातून अगदी बारीक टकटक येत होती. ती दचकून मागे सरली आणि मग हसू लागली. आजोबांनीही कान लावून ऐकलं.

मग ती पायरीवर येऊन उजळलेल्या खांबांकडे बघत बसली.

"आजोबा, खांब वीज देण्याआधी स्वतःलाच का तपासत नाही? म्हणजे ज्याच्याकडे रक्षक नाही, त्याचंही घर वाचेल."

इतक्या वर्षांत हे आजोबांना सुचलं नव्हतं.

"बनसोडे," त्यांनी हाक मारली, "उद्या तुमचा एक खांब आम्हाला खोलायला द्याल का? मृण्मयीला काम आहे."