चांदीची पट्टी

"सूनबाई, माझ्या पायाला हात लावायचा न्हाई!"

धोंडिबाअण्णांनी पाय उशीवरून मागं घेतला, आणि दीपमाला हातमोजे घालून कॉटशेजारी तशीच उभी राहिली. हडपसरच्या या घरात पाच वर्षं ज्यांनी तिला फक्त 'पोरी' म्हटलं, त्यांच्या तोंडी आज 'सूनबाई'... इतकं परकं!

अण्णांना मधुमेह आणि तळपायाला चिघळलेली जखम. खराडीच्या कंपनीकडून चालून आलेली अमेरिकेची संधी नाकारून दीपमाला दोन महिने ती जखम सांभाळत होती. डॉक्टरांनी चांदीचं औषध असलेली पट्टी दिली होती आणि ती तीन दिवस उघडायची नाही असं बजावलं होतं. पण आठ दिवसांपूर्वी दवाखान्यात पट्टी काढली, तर जखम करंगळीपर्यंत काळवंडलेली, आणि पट्टीच्या कडा पिवळ्या!

"ही मधे कोणी उघडली?" पुण्यातले डॉक्टर आवाज चढवत नाहीत; त्यांना गरजच पडत नाही. "करंगळी काढावी लागेल. पाय तरी ठेवायचाय ना?"

दीपमालेनं हळद ओळखली. सासूबाईंचे, तुळजाबाईंचे, दोन्ही हात त्याच क्षणी पदराआड गेले होते. अण्णांच्या पायात संवेदनाच उरली नव्हती. दुपारच्या झोपेत कोणी पट्टी उघडली तरी त्यांना कळणार कसं? चाळीस वर्षं या माउलीनं नवऱ्याच्या प्रत्येक जखमेत मायेनं हळदच भरली होती... हे अण्णांना कळलं तर?

"मी उघडली," दीपमाला म्हणाली.

करंगळी गेली. नवरा श्रीनिवास तेव्हापासून तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. आणि आज, अण्णा दवाखान्यातून घरी आल्यावरची ही पहिलीच पट्टी होती.

"तुळजा, तू बांध," अण्णा म्हणाले. "हिला लई शहाणपण हाय."

तुळजाबाईंनी पट्टीचं पाकीट हातात घेतलं, आणि तसंच परत कॉटवर ठेवलं.

"माझ्या हातानं नगं! ह्याच हातांनी तुमचं बोट खाल्लं... ती पट्टी बांधल्यावर तिन्ही दिस दुपारी मीच हळद भरत हुते. पोरीनं माझं पाप अंगावर घेतलं, आन् मी गप ऱ्हायले. आठ दिस तिच्याच हातचं जेवले!"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायला कोणीच गेलं नाही.

"मला कळलंसुदिक न्हाई," अण्णा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच पाय उशीवर ठेवला. "पोरी, बांध. आन् तुळजा, तू हितं बस. हात मला दिसतील असं ठेव."

दीपमालेचे डोळे भरून आले होते, तरी तिनं पट्टी नीट बसवली. ती बांधून होईपर्यंत अण्णांनी बायकोचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले होते.

दीपमालेनं पट्टीवर पेनानं लिहिलं, सोमवार. आता गुरुवारपर्यंत ती कोणी उघडणार नव्हतं.